‘पाणी समुद्रात वाया जाते’ : एका रूढ वाक्याचे परीक्षण

टीकाकाराने ग्रंथांचेच तेवढे परीक्षण करावे असा काही दंडक नाही. कित्येक वाक्ये अशी असतात की, त्यांचा कर्ता कोणासही ठाऊक नसतो, परंतु लोकांच्या मनावर त्यांचा अंमल शंभर ग्रंथांहून अधिक असतो. ‘आमच्या नद्यांचे पाणी समुद्रात वाया जाते’ हे अशांपैकीच एक वाक्य होय. ते अग्रलेखात येते, निवडणुकीच्या सभेत येते, विद्यार्थ्यांच्या निबंधात येते. आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांविषयी कोणी लिहू लागला म्हणजे तर ते हटकून येते. कारण उघड आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती यांसारख्या भरघोस नद्या ज्या मुलखाला लाभल्या, त्याच मुलखातील धानाच्या बांध्या पावसाने महिनाभर ओढ दिली की तडकू लागतात. ही विसंगती पाहून ज्याचे मन कळवळत नाही त्याला सहृदय कोण म्हणेल? वाक्यामागील तळमळ खरी आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. मात्र तळमळ खरी असली म्हणजे विधान खरे ठरते असे नाही, आणि ज्या विधानावर कोट्यवधी रुपयांची व लाखो लोकांच्या भवितव्याची उभारणी होते, ते तरी कसोटीस लावून घेतलेच पाहिजे.

‘वाया’ हा शब्द प्रथम पाहू. अन्न वाया जाते, श्रम वाया जातात, जन्म वाया जातो, असे आपण म्हणतो. ज्या वस्तूचा काही नेमका उपयोग ठरलेला आहे, तो न होताच ती नष्ट झाली, असा या शब्दाचा आशय आहे. मग समुद्रास मिळालेल्या पाण्याविषयी तो वापरताना आपण न बोलता तीन गोष्टी गृहीत धरतो. पहिली ही की, नदी म्हणजे केवळ पाणी. दुसरी ही की, समुद्राशी पोहोचल्यावर नदीचे काम संपते. तिसरी ही की, जेथे जमीन संपते व समुद्र सुरू होतो ती रेषा कायमची आखलेली आहे; नदी आली काय आणि न आली काय, ती हलत नाही. ही तिन्ही गृहीते तपासली म्हणजे वाक्याचे खरेखोटेपण आपोआप उघड होईल.

पहिले गृहीत फार काळ टिकत नाही. भामरागडास पर्लकोटेचा पूर ज्याने पाहिला आहे, अथवा भर पावसाळ्यात मार्कंड्याच्या घाटावर जो उभा राहिला आहे, त्यास नदी ही पाण्याइतकीच मातीचीही असते हे सांगावयास नको. ही माती जाते कोठे? वर्धा व वैनगंगा यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ होतो. तेथून पुढे तिचे नाव प्राणहिता. महाराष्ट्र व तेलंगण यांच्या सीमेवरून वाहत ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि थोड्याच अंतरावर, सोमनूरपाशी, इंद्रावतीही येऊन दाखल होते. गोदावरी म्हटली की आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे त्र्यंबक, नाशिक, पैठण आणि नांदेड ही क्षेत्रे उभी राहतात. परंतु गोदावरीचे सारे खोरे सुमारे ३,१२,००० चौरस किलोमीटरांचे असून त्यापैकी सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे एकतृतीयांशाहूनही थोडे अधिक, एकट्या प्राणहितेचे आहे. तिच्या उपनद्यांत एवढी मोठी दुसरी नाही. समुद्राजवळ पोहोचणारी गोदावरी ही म्हणून नाशिकची जितकी, त्याहून किती तरी अधिक विदर्भाची व बस्तरची आहे.

आंध्र प्रदेशात धवळेश्वरमच्या खाली तिचे फाटे होतात. त्यांपैकी गौतमीच्या मुखाशी, काकिनाडा शहराच्या दक्षिणेस, कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. १९७८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला हा प्रदेश सुमारे २३५ चौरस किलोमीटरांचा आहे. आपल्या कोकणात खाडीकाठी जी तिवरे उगवतात, त्याच जातीची झाडे तेथे मैलोगणती पसरली आहेत. झाडीपट्टीच्या टेकड्यांवरून, सागाच्या व मोहाच्या मुळांतून सुटलेला मातीचा कण वाटेत कोठे अडला नाही, तर अखेर या तिवरांच्या मुळांशी जाऊन बसतो. एक अरण्य दुसऱ्या अरण्यास जमीन पुरविते. हे नाते नकाशावर प्रत्येकास दिसण्याजोगे आहे, तरी आमच्या बोलण्यात व लिहिण्यात ते जवळजवळ कोठेच येत नाही.

आता दुसरे गृहीत. समुद्राशी पोहोचल्यावर नदीचे काम संपते काय? खाऱ्या दलदलीचा व्यवहार पाहिला तर असे दिसते की, तिचे एक मोठे काम तेथेच सुरू होते. भरतीचे गढूळ पाणी दिवसातून दोन वेळा तिवरांत शिरते. झाडांची खोडे आणि चिखलातून वर आलेली श्वासमुळे त्याचा वेग मोडतात. वेग मोडला की गाळ खाली बसतो. ओहोटीबरोबर पाणी परत जाते आणि गाळ मागे राहतो. त्यात गळलेली पाने आणि मेलेली मुळे यांची भर पडते व जमीन थोडी वर येते. येथे निसर्गाची एक मोठी चतुराई आहे. जो भाग सखल असेल त्यावर भरतीचे पाणी अधिक वेळ उभे राहते, म्हणून तेथे गाळही अधिक बसतो. तो उंचावला म्हणजे पाणी कमी वेळ येते व गाळ बसणेही मंदावते. समुद्राची पातळी चढू लागली तर दलदलही तिच्याबरोबर चढू शकते, ती याच न्यायाने. हजारो वर्षे ती अशीच टिकून राहिली आहे. मात्र या व्यवस्थेला दोन अटी आहेत : येणाऱ्या पाण्यात पुरेसा गाळ असला पाहिजे, आणि समुद्र फारच पुढे सरकला तर झाडांना मागे हटण्यास मोकळी जागा असली पाहिजे.

वादळाच्या वेळी हाच व्यवहार विकोपास जातो. गोदावरीच्या मुखाइतका वादळांचा कडू अनुभव फार थोड्या किनाऱ्यांस असेल. कोरिंगा हे एके काळचे भरभराटीचे बंदर १७८९ व १८३९ या सालांच्या वादळांनी उद्ध्वस्त केले. चक्राकार वाऱ्यांस ‘सायक्लोन’ हे आज जगभर रूढ असलेले नाव कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिले, तेही बंगालच्या उपसागरातील अशाच वादळांच्या अभ्यासातून. अलीकडे ६ नोव्हेंबर १९९६ रोजी कोनसीमेवर आलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी दलदल काय करते? लाटा तिच्यात शिरताच दमतात. वादळ खाडीच्या तळाचा चिखल उपसून तिच्यावर पसरविते, आणि एरवी कित्येक वर्षांत बसला नसता इतका थर एका रात्रीत बसतो. म्हणजे वादळ हे तिचे पोषणही करते. पण तेच वादळ तिच्या समुद्राकडील कडा तोडते, झाडे उन्मळून टाकते, आणि चिखल प्रमाणाबाहेर पडला तर श्वासमुळे गुदमरून उभी झाडे काही महिन्यांत वाळतात. यानंतर बी रुजले व गाळ येत राहिला तर काही वर्षांत वन पुन्हा उभे राहते. तसे न झाल्यास मुळांच्या आधारावर उभी असलेली माती खचते आणि वन होते तेथे उघडे पाणी होते. वादळातून दलदल उठेल की नाही, हे म्हणूनच पुढील अनेक वर्षे नदी तिला काय आणून देते यावरही अवलंबून असते.

तिसरे गृहीत किनाऱ्याच्या अढळपणाचे. त्याविषयी आकडेच बोलतात. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली. २००६ ते २०१८ या वर्षांत चढण्याचा वेग वर्षास सुमारे ३.७ मिलिमीटर होता, आणि तो वाढता आहे. प्राचीन काळातील कांदळवनांच्या अवशेषांवरून शास्त्रज्ञांनी असे अनुमान काढले आहे की, हा वेग सहा-सात मिलिमीटरांच्या पलीकडे गेल्यास कांदळवनांस त्याची बरोबरी करणे बहुधा साधणार नाही. शिवाय नदीमुखाची भूमी ही सैल गाळाची असल्यामुळे आपल्याच भाराने दबत असते. तेथे समुद्र चढतो आणि जमीन उतरते, अशी दुहेरी ओढ असते. हा तोटा भरून काढावयाचा तो गाळाने. आणि तोच कमी होत आला आहे. गोदावरी १९७० च्या दशकात वर्षास सुमारे १५ कोटी टन गाळ खाली आणीत होती. १९९० च्या दशकात तो सुमारे ६ कोटी टनांवर आला. मधल्या काळात गोदावरीवर व तिच्या उपनद्यांवर ठिकठिकाणी धरणे उभी राहिली, आणि पाणी थांबले तेथे मातीही थांबली. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत गोदावरीच्या मुखप्रदेशातील किनाऱ्याने निव्वळ १८ चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी गमावली असे मोजणीत आढळले. जी रेषा आपण अढळ मानली होती, ती नदीच्या मातीने दररोज नव्याने आखली जात होती, एवढाच याचा अर्थ.

ही गोष्ट कोकणातील व गोमंतकातील वाचकांस नवी वाटू नये. पेण-अलिबागकडील खारजमिनी आणि गोव्यातील खाजणे ही याच सत्याची दुसरी बाजू दाखवितात. मातीचे बांध घालून व उघाडी बसवून शेतकऱ्यांनी खाडीचा चिखल भातशेतीखाली आणला, हा आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाचा एक सुंदर अध्याय आहे. गोव्यात गावकरी संस्थेने बांध आणि मानस सांभाळण्याची जी शिस्त बसविली ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. परंतु बांधाच्या आत भरतीचा गाळ येत नाही. बाहेर समुद्र चढत राहतो, आत शेत आहे तेथेच राहते किंवा दबते. म्हणून बांधास एकदा खांड पडली व ती वेळीच बुजविली गेली नाही, की शेतात खारे पाणी आणि त्यापाठोपाठ तिवरे येतात. रायगड जिल्ह्यात हे कित्येक ठिकाणी घडले आहे. शेतकऱ्यास ते आक्रमण वाटते, आणि त्याच्या दृष्टीने ते आहेच. दलदलीच्या दृष्टीने मात्र ते मागे सरकणे आहे. जेथे मागे रस्ता, वसाहत किंवा कोळंबीची तळी आली, तेथे पुढून समुद्र व मागून भिंत अशा कोंडीत ती नाहीशी होते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, ‘कोरिंगाच्या तिवरांसाठी ब्रह्मपुरीच्या किंवा सावलीच्या शेतकऱ्याने आपले धान वाळू द्यावे काय? शेकडो किलोमीटरांवरील चिखलाची चिंता वाहण्याचा बोजा त्याच्याच माथी का?’ आमचे उत्तर असे की, हा प्रश्न त्या शेतकऱ्यास विचारावयाचाच नाही. पाटाचे पाणी हा त्याचा हक्क आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली; त्याच्या पाण्यासाठी या भागातील लोकांनी किती वर्षे वाट पाहिली हे सर्वश्रुत आहे. आमचा आक्षेप पाणी घेण्यास नसून, जे घेतले नाही ते वाया गेले असे म्हणण्यास आहे. एकदा ‘वाया’ म्हटले की किती घ्यावे याला सीमाच उरत नाही; अखेरचा थेंब अडविणे हेच मग पुण्यकर्म ठरते. आणि अशा पुण्यकर्माचा भार नदीकाठीही पडतोच. २०१९ साली सिरोंच्यासमोर गोदावरीवर मेडीगड्डा येथे तेलंगण सरकारने बांधलेला बंधारा कार्यान्वित झाला. त्याच्या फुगवट्याने आपली शेते बुडतात अशी तक्रार सिरोंचा तालुक्यातील शेतकरी तेव्हापासून करीत आले आहेत. आणि ऑक्टोबर १९२३ नव्हे, तर अवघ्या चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याचे काही खांबच खचले.

गाळाची किंमत झाडीपट्टीच्या शेतकऱ्यास कळत नाही असेही नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील हजारो मालगुजारी तलाव ही मुख्यत्वे कोहळी समाजाची कामगिरी. उन्हाळ्यात तलाव आटला म्हणजे तळाचा पोयटा काढून बांधीत टाकणे हे त्या भागात शहाणपणाचे शेतकाम समजले जाते. साचलेली माती तलावाचे पोट भरून काढते, पण शेतास पोसते. म्हणजे ती चुकीच्या जागी आहे, वाया गेलेली नाही, हा विवेक त्यात आहे. तोच विवेक नदीसही लावता येतो. मात्र येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. नदीला गाळ हवा म्हणून वाटेल तितकी माती तिच्यात लोटावी असे नव्हे. जंगल तोडल्याने धुपलेली जमीन किंवा चंद्रपूरच्या उघड्या कोळसाखाणींपाशी रचलेले मातीचे डोंगर नदीत उतरले, तर ती भर बहुतांशी जवळचेच पात्र उथळ करते आणि जवळच्याच गावांत पूर चढविते. उभे अरण्य माती हात राखून सोडते व पुरासोबत सोडते. नदीमुखास मानवते ती हीच सावकाश देणगी.

न्यायाने बोलावयाचे तर दुसऱ्या पक्षाचीही भाषा तपासली पाहिजे. पर्यावरणाचे कैवारी कांदळवनास ‘हिरवी भिंत’ म्हणतात. हे रूपक गोड आहे, आणि त्यास काही आधारही आहे. १९९९ च्या ओडिशातील महावादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा जो अभ्यास झाला, त्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा अधिक रुंद होता तेथे मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले. तरीसुद्धा भिंत हा शब्द दिशाभूल करणारा आहे. भिंत एकदा बांधली की उभी राहते. दलदलीस रोज अन्न लागते. झाडांचा अरुंद पट्टाही लाटा मोडू शकतो, पण वादळाबरोबर चढून येणारी समुद्राची फुगी उतरविण्यास किलोमीटरगणती रुंदी लागते. भिंत समजून तिच्या आड निर्धास्त घरे बांधली, तर ज्या वर्षी मोठे वादळ येईल त्या वर्षी त्या रूपकाची किंमत माणसांना मोजावी लागेल. शिवाय भिंतीचे रक्षण म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालणे, अशी समजूत होते. कोरिंगाभोवती कितीही कडक पहारा ठेवला, तरी वरून येणारी माती थांबली तर पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत ते वन बुडेल. ‘वाया’ म्हणणाऱ्याने मुख पाहिले नाही. ‘भिंत’ म्हणणाऱ्याने नदी पाहिली नाही. दोघांनीही एका प्रवाहाचे दोन तुकडे केले.

ही तुटलेली दृष्टी आपल्या परंपरेतून आलेली नाही, हे विशेष होय. संस्कृत कवींनी समुद्रास ‘सरित्पती’ म्हटले. भगीरथाच्या कथेत गंगा सगरपुत्रांच्या रक्षेपर्यंत पोहोचली नसती तर सारी तपश्चर्याच निष्फळ ठरली असती. तेथे समुद्राशी पोहोचणे हीच सार्थकता आहे. गोदावरीच्या सात मुखांस सात ऋषींची नावे असून त्या सातही ठिकाणी स्नान करण्याची सप्तसागर यात्रा आंध्रात परंपरेने चालत आली आहे. नदीचे उगमस्थान जितके पवित्र तितकेच मुखही, ही जाण त्यात आहे. २०२२ च्या एप्रिलात सिरोंच्यास प्राणहितेचा पुष्कर भरला तेव्हा तेलुगु व मराठी भाविक एकाच पाण्यात उतरले होते. भक्तांना जे एक वाटते, ते लेखकांना व नियोजनकारांना दोन का वाटावे?

याचा दोष अंशतः आपल्या साहित्याकडेही जातो. कै. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भातील रान, तळी आणि पक्षी यांची नावे मराठी वाचकांच्या जिभेवर बसविली, श्री. ना. पेंडशांनी ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडीच्या काठास कादंबरीत कायमचे स्थान दिले. परंतु रानापासून खाडीपर्यंत एका नदीमागून चालत जाणारे लेखन मराठीत आमच्या तरी वाचनात आलेले नाही. आमच्या कवितेतील समुद्र हा क्षितिजाचा व लाटांचा. त्याच्या काठचा चिखल तिला काव्याचा विषय वाटला नाही. जे शब्दांत आले नाही, ते हिशेबातही येत नाही. गोदावरी पाणीवाटप लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला, तेव्हा राज्यांचे हक्क मोजले गेले ते पाण्याचे.

गाळाचाही जमाखर्च मांडता येतो. ह्वांग हो नदीवरील श्याओलांगडी धरणातून २००२ पासून चिनी अभियंते ठरावीक काळी मोठा विसर्ग सोडून साचलेला गाळ मुखाकडे लोटीत आले आहेत. त्यांची पद्धत आपल्या नद्यांस जशीच्या तशी लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु पहिल्या पुराचे गढूळ पाणी दरवाजे उघडे ठेवून पुढे जाऊ देणे, नव्या योजनेच्या अहवालात पाण्याबरोबर गाळाचाही रकाना ठेवणे, आणि मुखाशी काही प्रवाह पोहोचलाच पाहिजे हे आरंभीच धरून चालणे, एवढे तर कोणालाही अशक्य नाही. तोवर निदान शिक्षकांनी आणि संपादकांनी एक गोष्ट करावी. ‘पाणी समुद्रात वाया जाते’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या निबंधात किंवा लेखकाच्या हस्तलिखितात आढळले, तर त्याखाली रेघ ओढून समासात विचारावे : किती पाणी, कोणत्या महिन्यात, किती मातीसह, आणि तेथे त्याची वाट कोण पाहत होते?